डॉ. होमी भाभा

सन १९४५ च्या ऑगस्ट महिन्यात जपानमधील हिरोशिमा आणि नागासाकी या दोन शहरांवर अणुबाँब टाकण्यात आले. क्षणार्धात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. जी वाचली, त्यांतील कित्येकांना पुढे किरणोत्सर्गाच्या व्याधींनी ग्रासले. अणूच्या पोटात केवढी प्रचंड शक्ती दडलेली आहे, हे सर्वसामान्य जगाला कळले ते अशा भयंकर रीतीने. त्याच वर्षी आपल्या देशात एक तरुण शास्त्रज्ञ या शक्तीचा विचार निराळ्या हेतूने करीत होता. तिच्यापासून वीज निर्माण व्हावी, भारतासारख्या गरीब देशाचे दैन्य दूर व्हावे, अशी त्याची मनीषा होती. त्या शास्त्रज्ञाचे नाव होमी जहांगीर भाभा.

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुविद्य पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे विलायतेत शिकलेले कायद्याचे जाणकार होते; आईचे नाव मेहेरबाई. घरी उत्तम ग्रंथांचा आणि पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्यांचा संग्रह होता. होमीला या दोहोंची गोडी लहानपणीच लागली. चित्रकलेचा छंदही तेव्हापासून जडला आणि तो जन्मभर टिकला.

मुलाने इंजिनियर व्हावे आणि पुढे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठ्या पदावर काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी १९२७ साली होमी केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. परंतु त्यांचे मन यंत्रांत रमेना. आपल्याला पदार्थविज्ञानाचाच अभ्यास करावयाचा आहे, असे त्यांनी वडिलांना निक्षून कळविले. वडील सुज्ञ होते. आधी इंजिनियरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो, मग आवडीचा विषय शीक, असे त्यांनी सांगितले. होमींनी १९३० साली ती अट पुरी केली आणि मग ते मनसोक्त विज्ञानाकडे वळले.

ते दिवस केंब्रिजमध्ये मोठ्या शोधांचे होते. तेथील प्रयोगशाळेत १९३२ साली चॅडविक यांनी न्यूट्रॉन या सूक्ष्म कणाचा शोध लावला. भाभांनी अंतराळातून पृथ्वीवर येणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास केला. १९३७ साली हाइट्लर या शास्त्रज्ञासमवेत त्यांनी या किरणांविषयी मांडलेल्या सिद्धांतामुळे त्यांचे नाव सर्वत्र झाले. १९४१ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले.

१९३९ साली भाभा सुटीसाठी मायदेशी आले असता दुसरे महायुद्ध पेटले आणि परतीचा मार्ग बंद झाला. तेव्हा ते बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यासमवेत काम करू लागले. तेथे असताना त्यांच्या मनाने निश्चय केला, की आता परदेशी न जाता येथेच उत्तम दर्जाची संशोधनसंस्था उभारावयाची. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा विश्वस्तनिधीला पत्र लिहून साहाय्य मागितले. काही दशकांनी अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा भारताला परक्या देशांतून तज्ज्ञ आणावे लागू नयेत, असे त्यांनी त्या पत्रात सुचविले होते. अणुबाँबची वार्ता जगाला कळण्यापूर्वीचे हे पत्र आहे. त्यातूनच १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था जन्मास आली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या ऑगस्टमध्ये अणुशक्ती आयोगाची स्थापना झाली आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ साली मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे अणुशक्तीच्या संशोधनासाठी मोठे केंद्र उभारण्याचे काम सुरू झाले. आज खाडीच्या पूर्वेला जेथे नवी मुंबई वसलेली आहे, तेथे त्या वेळी आगरी-कोळ्यांची गावे, भातखाचरे आणि मिठागरे होती. खाडीच्या या तीरावर ट्रॉम्बेच्या टेकडीच्या पायथ्याशी ४ ऑगस्ट १९५६ रोजी भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिचे इंधन इंग्लंडहून आले होते. पण बांधणी भारतीय इंजिनियरांनी केली होती. पाण्याच्या हौदात निळसर प्रकाशाने चमकणाऱ्या या भट्टीला पंडित नेहरूंनी ‘अप्सरा’ असे नाव दिले.

अणूची शक्ती कशी मुक्त होते, हे येथे थोडक्यात पाहू. युरेनियमच्या विशिष्ट प्रकारच्या अणुगर्भावर न्यूट्रॉन आदळला, की तो दुभंगतो. दुभंगताना उष्णता बाहेर पडते आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन निघतात. ते दुसऱ्या अणुगर्भांवर आदळतात आणि अशी साखळी सुरू होते. ही साखळी आवरून धरली, की ती अणुभट्टी होते. पुरेशा शुद्ध द्रव्यात ती एका क्षणात मोकाट सुटली, की तो अणुबाँब होतो. भट्टीतील उष्णतेने पाण्याची वाफ करून वीज निर्माण करता येते. परंतु त्याच भट्टीत युरेनियमच्या काही भागाचे प्लुटोनियम बनते. हे प्लुटोनियम पुन्हा इंधन म्हणून वापरता येते, तसे त्याचे बाँबही करता येतात. म्हणजे दिवा लावणारी भट्टी शस्त्रही देऊ शकते. एखादा देश भट्टी चालवितो ती नेमकी कशासाठी, अशी शंका त्यामुळे इतरांना येते. या शंकेचे निरसन कसे करावे, हा प्रश्न भाभांना अखेरपर्यंत सोडवावा लागला.

ऑगस्ट १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासंबंधी पहिली जागतिक परिषद भरविली. तीस ७३ देशांचे प्रतिनिधी आले होते. एकमेकांकडे संशयाने पाहणारे अमेरिकेचे आणि रशियाचे शास्त्रज्ञ तेथे एका व्यासपीठावर आले आणि वर्षानुवर्षे गुप्त ठेवलेले पुष्कळसे ज्ञान खुले झाले. या परिषदेचे अध्यक्षपद पंचेचाळीस वर्षांच्या भाभांकडे होते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला हा मोठाच मान होता.

पुढल्या वर्षी न्यूयॉर्क येथे आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेची घटना ठरविण्यासाठी अनेक देश एकत्र जमले. जे देश इतरांना इंधन व यंत्रे देणार होते, त्यांचे म्हणणे असे, की घेणाऱ्या देशांनी तपासनीसांना येऊ द्यावे. नाही तर ही सामग्री शस्त्रांकडे वळेल आणि बाँब असलेल्या देशांची संख्या वाढेल. या म्हणण्यात तथ्य होते. भाभांचा तपासणीलाच विरोध होता असे नाही. परंतु ती सर्वांना सारखी लागू नसावी, हे त्यांना पटत नव्हते. एखाद्या शाळेत काही मुलांची दप्तरे रोज तपासावीत, आणि ज्यांच्याजवळ सुरे आहेत हे सर्वांना ठाऊक आहे, त्यांची मात्र कधीच तपासू नयेत, असा नियम झाला तर तो न्याय्य वाटेल काय? ज्यांच्याजवळ अण्वस्त्रे आहेत ते मोकळे आणि ज्यांना केवळ वीज हवी आहे ते बांधलेले, अशी जगाची विभागणी भाभांना मान्य नव्हती. अखेर वाटाघाटींतून मधला मार्ग निघाला आणि १९५७ साली ती संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय व्हिएन्ना येथे आहे.

१९६० साली कॅनडाच्या साहाय्याने ट्रॉम्बे येथे ‘सायरस’ ही मोठी भट्टी सुरू झाली. तिचा उपयोग केवळ शांततेसाठी करू, असे वचन भारताने दिले होते. मात्र त्या वचनामागे परकी तपासणी नव्हती. तारापूर येथील वीजकेंद्रासाठी १९६३ साली अमेरिकेशी करार झाला, तेव्हा मात्र भारताने तपासणी मान्य केली. वातावरणात, पाण्याखाली व अंतराळात अणुस्फोट करू नयेत, असा करार त्याच वर्षी झाला. त्यावरही भारताने सही केली.

१९६४ च्या आरंभी उदयपूर येथे पग्वॉश परिषद भरली. शस्त्रास्त्रांच्या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांची ही परिषद होय. तेथे भाभांनी एक परखड विचार मांडला. अण्वस्त्रे जवळ असली, की लहान राष्ट्रही बलाढ्य शत्रूला रोखू शकते. म्हणून ज्यांनी ती घेऊ नयेत असे वाटते, त्यांच्या रक्षणाची हमी इतरांनी एकत्र येऊन दिली पाहिजे. मनात भय असेल तोवर केवळ तपासणीने शस्त्रांचा प्रसार थांबणार नाही, असा याचा आशय होता.

त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला चीनने आपला पहिला अणुस्फोट केला. दोन वर्षांपूर्वीच चीनशी युद्ध झालेले असल्यामुळे देशात खळबळ उडाली आणि आपणही बाँब करावा, अशी मागणी जोर धरू लागली. आठवड्याभराने भाभा आकाशवाणीवर बोलले. त्यांनी एकीकडे जगाने निःशस्त्रीकरण करावे असे आग्रहाने प्रतिपादिले. दुसरीकडे एका स्फोटाचा खर्च सुमारे १७.५ लाख रुपये येईल, असा आकडाही सांगितला. हा आकडा फार कमी आहे, भट्ट्या, कारखाने आणि बाँब वाहून नेणारी साधने यांचा खर्च त्यात धरलेला नाही, अशी टीका अनेकांनी केली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी बाँब न करण्याचे धोरण कायम ठेवले. भाभांच्या मनात शांततेची तळमळ होती आणि देशाच्या रक्षणाची चिंताही होती. या दोहोंची ओढाताण त्यांच्या अखेरच्या वर्षांत स्पष्ट दिसते.

२४ जानेवारी १९६६ रोजी आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या बैठकीसाठी ते व्हिएन्नाला निघाले होते. वाटेत आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर त्यांचे विमान कोसळले आणि त्यातील सर्व ११७ माणसे मरण पावली. भाभांचे वय तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. १९६७ साली ट्रॉम्बेच्या केंद्राला ‘भाभा अणुसंशोधन केंद्र’ असे नाव देण्यात आले.

भाभा गेले, पण त्यांना पडलेला प्रश्न उरला. १९६८ साली अण्वस्त्रप्रसारबंदीचा करार झाला. त्यात पाच राष्ट्रांजवळची अण्वस्त्रे मान्य करून इतरांना ती घेण्यास बंदी होती. जगातील बहुतेक देशांनी कालांतराने तो स्वीकारला. भारताने मात्र विषमतेच्या कारणावरून सही केली नाही. १९७४ साली पोखरण येथे भारताने अणुस्फोट केला. त्याचे प्लुटोनियम ‘सायरस’मधून आले होते. हा स्फोट शांततेसाठी आहे, असे भारताने सांगितले. वचनभंग झाला असे कॅनडाला वाटले आणि त्याने साहाय्य थांबविले. १९९८ साली भारताने पुन्हा चाचण्या करून आपण अण्वस्त्रधारी असल्याचे जाहीर केले. २००९ साली झालेल्या करारान्वये वीज निर्माण करणाऱ्या अनेक भारतीय भट्ट्यांची तपासणी व्हिएन्नाचे तपासनीस करू लागले.

भाभांनी लावलेल्या वृक्षाला मधुर फळेही आली आहेत. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय त्यांच्या काळात, १९६२ साली, अणुशक्ती विभागाकडे आले. त्याच संस्थेचे कर्करोगावरील उपचार व संशोधनाचे केंद्र नवी मुंबईत खारघर येथे आहे, आणि तेथे किरणांच्या साहाय्याने रोग्यांवर उपचार होतात. वाशी येथे मसाल्यांवर किरणांची प्रक्रिया करून ते जंतुरहित केले जातात. ज्या किरणांनी हिरोशिमात माणसे मारली, त्याच जातीचे किरण येथे माणसांचे प्राण वाचवितात.

विद्या एकच असते. ती कोणत्या कामी लावावी, हे माणसाला ठरवावे लागते. एकट्या शास्त्रज्ञाने किंवा एकट्या देशाने ते ठरवून भागत नाही. सर्वांना सारखा लागू होईल असा नियम आणि एकमेकांवरचा विश्वास, या दोन्ही गोष्टी त्यासाठी लागतात. भाभांनी पहिल्या गोष्टीसाठी जन्मभर वाद घातला. दुसरी अजून जगाला साधावयाची आहे. ते काम आता पुढच्या पिढीचे, म्हणजे तुमचे आहे.