मुंबईत रेल्वे आणण्यासाठी झटलेले नाना शंकरशेठ, त्यांच्या मुरबाडला मात्र आजही रेल्वे नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या माणसाला रेल्वेनं मुंबई गाठायची तर आधी एसटी धरावी लागते. एसटीनं रेल्वे स्टेशन, तिथून रात्रभराची गाडी. मुंबई जवळ आली की डब्यात एकच चर्चा सुरू होते, उतरायचं कुठं? कल्याण, ठाणे, दादर की थेट सीएसएमटी? अंधेरीला जायचं असेल तर दादर, नवी मुंबईला जायचं असेल तर ठाणे.

हे सगळं गणित ज्या रुळांवर उभं आहे, त्या रुळांसाठी पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसानं धडपड केली होती. ते म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ मुरकुटे, अर्थात नाना शंकरशेठ.

व्यापाऱ्याचा मुलगा, सार्वजनिक कामाचा नाद

नानांचं घराणं मूळचं ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचं. जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. वडील मुंबईतले बडे व्यापारी. १८२२ मध्ये वडील गेले आणि ऐन विशीत सगळा कारभार नानांवर आला. पैसा होता, पत होती. पण नानांनी त्यातला मोठा वाटा शहराच्या कामाला लावला. शाळा, एल्फिन्स्टन, ग्रँट मेडिकल कॉलेज, मुलींचं शिक्षण, अशा प्रत्येक ठिकाणी नाना पुढं होते. मुलींच्या शाळेसाठी तर त्यांनी आपल्या वाड्यातच जागा दिली.

रेल्वे हवी होती, पण कशासाठी?

१८४३ च्या सुमारास मुंबई सरकारचे इंजिनिअर जॉर्ज क्लार्क यांच्या डोक्यात मुंबईपासून ठाण्याकडं आणि पुढं घाटापर्यंत रेल्वे नेण्याची कल्पना आली. त्यावेळी इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता. कापूस पिकायचा वऱ्हाड-खानदेशात आणि जहाजं लागायची मुंबईला. मधला प्रवास बैलगाडीचा, तोही घाट उतरून. पावसात माल भिजायचा, वाटेत आठवडेच्या आठवडे जायचे.

इंग्रजांना माल बंदरावर हवा होता. नानांना त्यात आपल्या शहराचा फायदा दिसला. १८४५ मध्ये त्यांनी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासोबत इंडियन रेल्वे असोसिएशन उभी केली. पुढं ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे म्हणजेच जीआयपी कंपनीत सामील झाली. या कंपनीच्या १० संचालकांमध्ये भारतीय फक्त २ होते आणि त्यातले एक होते नाना.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रूळ नेमके कुठून न्यायचे हे नाना ठरवत नव्हते. ते काम मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांच्याकडं होतं. नानांचं काम होतं लोकांचा विश्वास मिळवण्याचं. कंपनीच्या कामासाठी त्यांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली, असंही सांगितलं जातं.

अखेर १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याकडं पहिली गाडी निघाली. ३ इंजिनं, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि २१ तोफांची सलामी. अंतर ३४ किलोमीटर. त्या पाहुण्यांमध्ये नानाही होते.

स्टेशनं तिथंच का?

मुंबईच्या लोकलचा नकाशा समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते. पहिली गाडी बोरीबंदरहून निघाली कारण ते बंदराला लागून होतं. रुळावरचा माल सरळ जहाजाकडं नेता यायचा. आजचं सीएसएमटी त्याच भागात आहे.

१८५४ मध्ये मार्ग कल्याणपर्यंत गेला. तिथून त्याला दोन फाटे फुटले, एक बोरघाटातून पुण्याकडं आणि दुसरा थळ घाटातून नाशिककडं. म्हणून कल्याण जंक्शन झालं.

दादरची गोष्ट वेगळी. गुजरातकडून येणारी बीबी अँड सीआय ही दुसरीच कंपनी. तिची गाडी १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत आली. दोन कंपन्या, दोन मार्ग आणि दोन वेगळी टोकं. हे मार्ग दादरला अगदी शेजारी येतात. त्यामुळं गाडी बदलायला दादर. चर्चगेट आणि सीएसएमटी यांच्यात आजही थेट लोकल नाही, त्याचं मूळ या दोन कंपन्यांत आहे.

३१ जुलै १८६५ ला नाना गेले. त्याच वर्षी थळ घाटाचा मार्ग खुला झाला होता. दोन वर्षांनी रेल्वे नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाडचा कापूस रुळावरून मुंबईला जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिग्रसशेजारच्या दारव्ह्यावरून यवतमाळ–मूर्तिजापूर ही छोट्या रुळांची शकुंतला रेल्वेही धावू लागली, तीही कापसासाठीच. मूर्तिजापूरला रुळांची रुंदी बदलायची, त्यामुळं माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागायचा. आता ती गाडी बंद आहे.

नाव आलं ते बदलाच्या स्टेशनला

मुंबई सेंट्रलला नानांचं नाव द्यावं ही मागणी जुनी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि मुंबई सेंट्रलजवळच्या मेट्रो स्टेशनला जगन्नाथ शंकरशेठ हे नाव मिळालं. या मार्गाची लांबी ३३.५ किलोमीटर, म्हणजे जवळपास पहिल्या गाडीच्या प्रवासाइतकीच. दोन कंपन्यांनी वेगळी ठेवलेली दादर, चर्चगेट आणि सीएसएमटी ही ठिकाणं आता या एकाच मार्गावर आली आहेत. नानांच्या नावाचं स्टेशन अशा जागी आहे, जिथं मेट्रो, लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि एसटीचं आगार अगदी जवळजवळ आहेत.

पण नानांच्या मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याण–मुरबाड मार्गाला मंजुरी मिळाली आहे, गाडी यायची बाकी आहे. दिग्रसचंही तसंच. २८४ किलोमीटरचा वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्ग दिग्रसवरून जाणार आहे. २००८-०९ च्या सुमारास त्याला मंजुरी मिळाली आणि त्यातला वर्धा–कळंब हा पहिला टप्पा सुरू व्हायला २०२४ उजाडलं.

नानांच्या काळात रेल्वेची कल्पना निघाल्यापासून पहिली गाडी धावेपर्यंत साधारण १० वर्षं लागली होती. दिग्रस आणि मुरबाडमध्ये लोक अजून एसटीच्या थांब्यावरच उभे आहेत.