न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ शूर वीर होऊन गेले. पण हातात तलवार न घेताही शूर झालेले रामशास्त्री प्रभुणे मला फार आवडतात. त्यांची माहिती मी लिहीत आहे.

रामशास्त्री हे साताऱ्याजवळच्या माहुली गावचे. तिथे कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम आहे. लहानपणी त्यांचे शिक्षण झाले नव्हते. साताऱ्याला एका सावकाराच्या घरी ते काम करायचे, असे सांगतात. पुढे ते काशीला गेले आणि तिथे खूप शिकले. मग पुण्याला पेशव्यांच्या पदरी राहिले. १७५९ साली ते मुख्य न्यायाधीश झाले.

त्यांची राहणी साधी होती. एकदा त्यांच्या पत्नी पेशव्यांच्या वाड्यावर गेल्या. तिथे त्यांना भारी शालू आणि दागिने घालून पालखीतून घरी पाठवले. तर शास्त्रीबुवांनी त्यांना दारातूनच परत लावले. असल्या श्रीमंत बाई आमच्या घरच्या नव्हेत, असे ते म्हणाले. मग त्यांनी ते सगळे परत केले. ही गोष्ट आमच्या गुरुजींनी सांगितली.

१७७२ साली थोरले माधवराव पेशवे वारले. त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. त्यांचे काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांना गादी पाहिजे होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, गारदी शनिवारवाड्यात घुसले. नारायणराव पळत काकांकडे गेले आणि त्यांना मिठी मारली. तरी गारद्यांनी त्यांना मारले. ते फक्त १८ वर्षांचे होते. चिठ्ठीतल्या ध चा मा कोणी केला, याची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे.

मग राघोबादादाच पेशवे झाले. ज्याच्यावर संशय, त्यालाच गादी मिळाली! सगळे गप्प बसले. पण रामशास्त्रींनी चौकशी केली आणि राघोबादादा दोषी आहेत असे ठरवले. त्यांनी ते पेशव्यांच्या तोंडावर सांगितले. या पापाला देहांत प्रायश्चित्त हेच एक प्रायश्चित्त आहे, असा निकाल दिला. मग नोकरी सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले.

इथपर्यंत वाचले आणि मला लई राग आला. आमच्या शेताचा बांध एकाने कोरला. त्याच्या घरी नवीन ट्रॅक्टर आला आणि आमचे आजोबा नुसते तलाठ्याकडे खेटे घालतात. मी आजीला विचारले, देव हे बघत नाही का? आजी म्हणाली, देवाच्या घरी उशीर आहे, अंधेर नाही. पण उशीर किती, ते तिने सांगितले नाही. म्हणून मी पुढचे वाचले.

पुढे असे झाले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना पुरंदर किल्ल्यावर नेले होते. १८ एप्रिल १७७४ रोजी त्यांना मुलगा झाला. ते सवाई माधवराव. नाना फडणीस आणि इतर कारभाऱ्यांनी त्या तान्ह्या बाळाला पेशवे केले. राघोबादादा इंग्रजांकडे गेले. लढाया झाल्या. १७८२ साली सालबाईचा तह झाला आणि त्यांना गादीवरचा हक्क सोडावा लागला. १७८३ साली ते वारले. रामशास्त्रींना मात्र मानाने परत बोलावले. १७८९ साली ते वारले, तोपर्यंत न्यायाचेच काम करत होते.

मी गुरुजींना विचारले, राघोबादादांना ती शिक्षा तर झालीच नाही, मग न्याय कुठे झाला? गुरुजी म्हणाले, ज्या गादीसाठी एवढे केले, तीच त्यांच्याकडे राहिली नाही. मला ते पटले. पण नारायणराव परत आले नाहीत, याचे वाईट वाटते.

मला वाटते, पुढे काय होणार हे रामशास्त्रींनाही माहीत नव्हते. बाळ जन्मायचे होते. तरी ते खरे बोलले. न्याय कधी करायचा ते देवाचे काम. खरे बोलायचे ते आपले काम. आजोबासुद्धा तलाठ्याकडे जायचे सोडत नाहीत, ते मला आता बरोबर वाटते.

अशा या थोर न्यायाधीशांना माझा नमस्कार.

(इयत्ता ४ थी)