जांबचा नारायण आणि तुमचा कोड

प्लेसमेंट जवळ आली की तुमच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो. कोड एआय लिहिणार, मग आपण काय करायचं? उत्तरासाठी जरा जालना जिल्ह्यात चला.

घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ मध्ये ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. बाराव्या वर्षी बोहल्यावरून पळाला, असं परंपरा सांगते. नाशिकजवळ टाकळीत १२ वर्षं राहिला. तिथे त्याने वाल्मीकि रामायण स्वतःच्या हाताने उतरवलं. ते हस्तलिखित आजही धुळ्यात जपलेलं आहे.

म्हणजे कॉपीच की! हो, पण अक्षर न् अक्षर डोक्यातून गेलेली.

हाच नारायण पुढे समर्थ रामदास झाला. देशभर पायी फिरला. शिवथरघळीत त्याने दासबोध सांगितला, कल्याणस्वामींनी लिहून घेतला. लिहिणारा हात दुसऱ्याचा, तरी ग्रंथ रामदासांचाच. कारण विचार त्यांचा होता.

दासबोधाच्या १९व्या दशकात पहिला समास लेखनावर आहे. अक्षर असं, की शेवटपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं. लगेच दुसरा समास विवरणावर. नुसतं लिहून भागत नाही, उलगडावंही लागतं. आणि दुसऱ्या दशकात पढतमूर्खाची लक्षणं आहेतच!

१६८२ मध्ये सज्जनगडावर समर्थ गेले. तुमच्याकडे आता लिहून देणारा एआय आहे. नुसतं टाइप करणाऱ्यांची कामं कमी होतील, हे खरंय. पण ॲपमधून पैसे चुकीच्या खात्यात गेले, तर जाब तुम्हालाच विचारणार. म्हणून एआयने दिलेली प्रत्येक ओळ मित्राला समजावून सांगता येते का, बघा. येत नसेल, तर तो कोड अजून तुमचा झालेला नाही.