कुंभकोणमचा गणिती

तमिळनाडूत कावेरीच्या काठी कुंभकोणम नावाचे प्राचीन नगर आहे. देवळांच्या उंच गोपुरांसाठी ते प्रसिद्ध आहे. तेथील सारंगपाणी मंदिराजवळच्या एका लहानशा घरात श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण गेले. त्यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी आजोळी, इरोड येथे झाला. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. मिळकत अगदी बेताची. संसाराला हातभार लागावा म्हणून आई देवळात भजने गात असे आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या एकदोन मुलांना घरी ठेवून घेत असे.

या मुलांकडून चार पैसे मिळत, एवढाच आईचा हेतू. परंतु रामानुजन यांना त्यांच्यामुळे मोठे धन लाभले. संध्याकाळी ती मुले उदाहरणे सोडवीत बसली, की रामानुजन त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडीत. अकराव्या वर्षीच त्या मुलांजवळचे सारे गणित त्यांनी शिकून घेतले. पुढे लोनी नावाच्या इंग्रज लेखकाचे त्रिकोणमितीचे पुस्तक त्यांना एका मोठ्या मुलाकडून वाचावयास मिळाले. तेराव्या वर्षी तेही त्यांनी आत्मसात केले. आता वरच्या वर्गांतील मुले आपली अडलेली उदाहरणे घेऊन त्यांच्याकडे येऊ लागली.

टाउन हायस्कुलात त्यांच्यापुढे दोन वर्षे असलेल्या एका विद्यार्थ्याला हा मुलगा खरोखर किती पाण्यात आहे, हे पाहावेसे वाटले. त्याने बीजगणितातील एक उदाहरण घातले. एका संख्येच्या वर्गमुळात दुसरी संख्या मिळविली तर बेरीज ७ होते. आणि पहिल्या संख्येत दुसरीचे वर्गमूळ मिळविले तर ११ होते. तर त्या संख्या कोणत्या? (वाचकांनी येथे क्षणभर थांबून पाटीवर प्रयत्न करून पाहावा.) रामानुजन यांनी पाहता पाहता उत्तर दिले : ९ आणि ४. परीक्षा घेण्यास आलेला तो विद्यार्थी त्या दिवसापासून त्यांचा मित्र झाला. शाळेतील सुमारे १२०० विद्यार्थी आणि पस्तीसएक शिक्षक यांचे वेळापत्रक जुळविण्याचे किचकट कामही गणिताच्या शिक्षकांनी याच मुलावर सोपविले होते.

१९०३ मध्ये घरी राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून आणखी एक पुस्तक आणून दिले. कार नावाच्या गृहस्थांनी त्यात सुमारे पाच हजार सूत्रे लागोपाठ दिली होती. सिद्धता मात्र बहुधा नव्हत्या. दुसऱ्या कोणाला ते पुस्तक रुक्ष वाटले असते. रामानुजन यांना ते हजारो कोड्यांचे भांडार वाटले. ते एकेक सूत्र स्वतः सिद्ध करू लागले. कागद महाग म्हणून सारे काम पाटीवर चाले. हाताच्या कोपराने पाटी पुसली जाई आणि शेवटचे उत्तर तेवढे वहीत उतरे.

या नादाची फार मोठी किंमत त्यांना द्यावी लागली. १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते कुंभकोणमच्या महाविद्यालयात गेले. पण गणितावाचून त्यांना दुसरे काही सुचेना. इंग्रजीत ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयातही तीच गत झाली. गणितात पैकीच्या पैकी मिळविणारा हा विद्यार्थी शरीरशास्त्राच्या परीक्षेत जवळजवळ कोरी उत्तरपत्रिका देई. पदवी नाही, नोकरी नाही. मद्रासमध्ये त्यांनी शिकवण्या धरून पाहिल्या. तेथेही निभाव लागला नाही. शिष्याला परीक्षेपुरती उदाहरणे हवी असत आणि गुरुजी अनंताच्या गोष्टींत रमून जात! असा एक शिष्य कंटाळून निघूनही गेला. ज्यांच्या संगतीत गणित शिकावे ती मुले पदव्या घेऊन पुढे गेली होती. आपले कोडे कोणाला घालावे, हाच त्यांना प्रश्न पडला.

अखेर १९११ मध्ये भारतीय गणित संस्थेच्या नियतकालिकातून त्यांनी साऱ्या देशातील गणितज्ञांना कोडे घातले. एकात एक गुंफलेल्या, कधीही न संपणाऱ्या वर्गमुळांची ती साखळी होती आणि तिची किंमत काढावयाची होती. सहा महिने झाले तरी कोणाचेच उत्तर आले नाही. तेव्हा त्यांनीच ते दिले : ३. त्यातील युक्ती शाळकरी मुलालाही पडताळून पाहता येईल. ३ म्हणजे ९ चे वर्गमूळ आणि ९ म्हणजे १ अधिक २ गुणिले ४. हा ४ म्हणजे १६ चे वर्गमूळ आणि १६ म्हणजे १ अधिक ३ गुणिले ५. हा ५ म्हणजे २५ चे वर्गमूळ आणि २५ म्हणजे १ अधिक ४ गुणिले ६. अशी ही साखळी वाटेल तितकी लांबविता येते.

१९१२ मध्ये मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये त्यांना दरमहा तीस रुपयांची कारकुनी मिळाली. १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र पाठविले आणि १९१४ मध्ये हार्डी यांच्या खटपटीने ते इंग्लंडला गेले.

तेथे शिकत असलेले प्रशांतचंद्र महालनोबिस एके दिवशी त्यांच्या खोलीवर आले. रामानुजन शेगडीवर भाजी ढवळीत होते. महालनोबिसांनी एका मासिकातील कोडे वाचून दाखविले. एका रस्त्यावर घरांना १, २, ३ असे ओळीने क्रमांक आहेत. एका घराच्या अलीकडील क्रमांकांची बेरीज पलीकडील क्रमांकांच्या बेरजेइतकीच भरते. घरे पन्नासांहून अधिक आणि पाचशेंहून कमी आहेत. तर ते घर कितवे? महालनोबिसांनी काही मिनिटे आकडेमोड करून उत्तर काढले होते : २८८ घरांपैकी २०४ वे. रामानुजन यांनी भाजी ढवळता ढवळताच एक अपूर्णांक सांगितला. त्यातून हेच एक नव्हे, तर अशा सर्व रस्त्यांची उत्तरे ओळीने निघत होती : ८ घरांत ६ वे, ४९ घरांत ३५ वे, मग २८८ घरांत २०४ वे आणि त्यापुढेही.

१९१८ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद करून घेतले. तोवर आजाराने त्यांना गाठले होते. १९१९ च्या मार्चमध्ये ते मुंबई बंदरात उतरले. अंथरुणावर पडल्यापडल्याही त्यांचे गणित चालूच राहिले. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रास येथे वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते निवर्तले.

त्यांच्या मागे वह्या राहिल्या. त्यांत हजारो सूत्रे होती आणि कार यांच्या पुस्तकातल्याप्रमाणेच बहुतेकांना सिद्धता नव्हत्या. निरनिराळ्या देशांतील गणितज्ञ ती सूत्रे सोडवीत बसले. १९७७ मध्ये अमेरिकेतील ब्रूस बर्न्ट यांनी हे काम नेटाने हाती घेतले. त्यांच्या ग्रंथाचा पाचवा खंड प्रसिद्ध झाला, तेव्हा १९९८ साल उजाडले होते.