ठासणीची बंदूक आणि महादजी शिंदे

ठासणीच्या बंदुकीच्या स्पर्धा आजही भरतात, हे सांगितले की आमच्या बेळ्ळंदूरच्या वसाहतीतील मुलांना खरे वाटत नाही. सुट्टीत घरी आलेले कॅडेट माझ्यासारख्या निवृत्त पायदळवाल्याकडे नेमबाजीच्या गप्पा मारायला येतात. त्यांना मी या स्पर्धेचा नियम सांगतो. वेळ ३० मिनिटे, बार १३, त्यांतले उत्तम १० धरायचे. जुन्या घडणीची बंदूक, काळी दारू आणि प्रत्येक बार तोंडाकडून ठासलेला.

मग मुले विचारतात, अशा स्पर्धेची तयारी कशी करतात? तयारी बहुतेक गोळी सुटण्याआधीचीच असते. प्रत्येक बाराची दारू घरीच मोजून वेगवेगळ्या कुप्यांत भरायची. दारूच्या डब्यातून थेट नळीत ओतायची नाही, कारण आधीच्या बाराचा निखारा आत राहिला असेल तर डबाच पेटेल. गोळीभोवती कापडाची चकती बसवायची, गजाने प्रत्येक वेळी सारख्याच दाबाने ठासायचे, गज बाहेर काढायचा, आणि मगच निशाणाकडे पाहायचे. क्रम एकदा चुकला की तो बार गेलाच. हे सारे परवाना आणि जाणकार उस्ताद असल्याशिवाय करायचे नाही, हेही मी बजावतो.

हे सांगताना मला नेहमी महादजी शिंदे आठवतात. ते या बंदुकीचे नेमबाज म्हणून प्रसिद्ध नाहीत. त्यांचे आयुष्य भाला, तलवार आणि घोड्यावर गेले. पण हा क्रम हजारो माणसांच्या हातांत बसवला तर काय घडते, हे त्यांच्याइतके नेमके ओळखणारे सरदार त्या काळी थोडेच होते.

महादजी हे साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडच्या राणोजी शिंद्यांचे पुत्र. घराणे रणांगणावरच झिजले. थोरले बंधू जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले. दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले आणि पुतणे जनकोजीही गेले. महादजी त्या दिवशी पायावर वार झेलून पडले होते. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून दक्षिणेकडे आणले. पाय कायमचा अधू झाला. महादजींनी राणेखानाला पुढे भाऊ मानले आणि आपल्या फौजेत मोठ्या हुद्द्यावर चढवले.

१७६८ मध्ये शिंद्यांची सरदारकी त्यांच्याकडे आली. पुढच्या काळात इंग्रजांशी त्यांची अनेकदा गाठ पडली. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून पुण्यावर निघालेल्या इंग्रजी फौजेला मराठ्यांनी वडगावला कोंडून तह करायला लावला, त्यात महादजी आघाडीवर होते. पण ऑगस्ट १७८० मध्ये पॉफमने रात्रीतून शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. १७८१ मध्ये कॅमॅकच्या रात्रीच्या हल्ल्यात शिंद्यांच्या तोफाही गेल्या. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला तेव्हा महादजींच्या पदरी जय आणि पराजय दोन्हींचा अनुभव होता.

त्यातून त्यांनी जे केले, ते मला त्यांच्या साऱ्या विजयांहून मोठे वाटते. वय पन्नाशीच्या पुढे, पाय अधू, घोडदळाचा नावलौकिक पाठीशी. तरीही १७८४ मध्ये त्यांनी सॅव्हॉयचा बेन्वा द बॉइन्य याला चाकरीत घेतले. आपल्याकडे त्याला डी बॉईन म्हणतात. मद्रासला कंपनीच्या पलटणीत तो काही काळ होता. त्याला काम दिले ते दोन पलटणी उभ्या करण्याचे. प्रत्येकीत सुमारे ८५० शिपाई.

त्यांना शिकवायचे काय? काडतूस दाताने फोडायचे, कानात रंजक घालायची, दस्ता जमिनीला टेकवायचा, दारू ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायचे, गज जागेवर घालायचा, घोडा ओढायचा, हुकमाची वाट पाहायची. मुरलेला शिपाई एका मिनिटात तीन बार काढी. घाबरून गज नळीतच ठेवून बार उडवला, तर पुढे त्याच्या हातात उरे ती केवळ काठी. म्हणून कवायत रोज. आग्र्याला सँगस्टर या स्कॉटिश कारागिराने तोफा आणि बंदुका बनवण्याचा कारखाना चालवला. पुढे फौज वाढली तेव्हा पगार वेळेवर मिळावा म्हणून महादजींनी अलीगढकडच्या मुलखाचा वसूलच तिच्यासाठी लावून दिला. उपाशी शिपाई कवायत विसरतो, हे त्यांना ठाऊक होते.

परीक्षा १७८७ मध्ये लालसोटला झाली. राठोडांचे घोडदळ अंगावर आले तेव्हा या पलटणी चौकोन करून उभ्या राहिल्या आणि घोडे अगदी जवळ येईपर्यंत थांबून त्यांनी बार काढले. मोहीम फसली, पण पलटणी मोडल्या नाहीत. पुढे २० जून १७९० रोजी पाटण आणि १० सप्टेंबर १७९० रोजी मेडता त्यांनीच जिंकून दिले. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. त्यांची छत्री तिथे आहे. पुण्याला जाल तेव्हा जरूर पाहा.

आता एक गोष्ट, जी कॅडेटांनी विशेष ध्यानात ठेवावी. या फौजेत शिपाई इथले होते, पण वरचे बहुतेक अंमलदार परदेशी. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध सुरू झाले तेव्हा त्यांतले बरेच जण नोकरी सोडून गेले. तरी १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवाडीला शिंद्यांच्या पलटणी जागेवरून हलल्या नाहीत. गोलंदाज तोफांपाशीच पडले. समोरच्या लेक या इंग्रज सेनापतीनेही त्यांच्या झुंजीचे कौतुक लिहून ठेवले. महादजींनी हातांना क्रम शिकवला, मनांना धीर दिला. हुकूम देणारे आपलेच अधिकारी घडवायची शाळा मात्र उभी राहिली नाही, आणि त्याची किंमत त्यांच्यामागून पलटणींनी मोजली.

आज तुम्ही ज्या शाळेत शिकता, तिचे काम नेमके हेच आहे. म्हणून नेमबाजीच्या सरावात एकेक पायरी घाई न करता पक्की करा. आणि शेजारच्या कॅडेटला ती शिकवता येईल इतकी समजून घ्या. उद्या पलटणीपुढे उभे राहून हुकूम तुम्हालाच द्यायचा आहे.