सावेदादा

वरळीच्या दूरदर्शन केंद्रामुळे १९७२ साली मुंबईचे लोक घरी बसून बातम्यांची हलती चित्रे पाहू लागले. त्याच्या सत्तर वर्षे आधी या शहरात अशी चित्रे घेणारे एक छायाचित्रकार होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे त्यांचे नाव. जन्म १८६८ सालचा. लोक त्यांना सावेदादा म्हणत.

सावेदादांचा मुंबईत फोटो काढण्याचा व्यवसाय होता. १८९६ साली त्यांनी वॉटसन हॉटेलात चलचित्रे पाहिली आणि विलायतेहून कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी! त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती टिपली. फिल्म धुण्यासाठी बोटीने लंडनला पाठवली. चित्र उमटले की बिघडले, हे ती परत येईपर्यंत कसे कळणार? कुस्ती तर होऊन गेली होती. पण फिल्म आली, आणि लोकांना ती पाहता आली.

मग त्यांनी मदारी आणि त्याची माकडे टिपली. १९०१ साली केंब्रिजला गणितात पहिले आलेले रघुनाथ परांजपे मुंबईत परतले. त्यांच्या स्वागताला सावेदादा कॅमेरा घेऊन हजर होते. ही भारतातील पहिली बातमीची फिल्म मानली जाते. पुढे ते गेयटी थिएटर चालवू लागले. १९५८ साली त्यांचे निधन झाले.