डॉ. आयडा स्कडर आणि वेल्लोरचे वैद्यकीय शिक्षण

वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव आपल्या मंडळ्यांत सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच्या संस्थापिका डॉ. आयडा स्कडर यांचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी दक्षिण भारतातील राणीपेट येथे झाला. आजोबा आणि वडील दोघेही मिशनरी डॉक्टर. परंतु आयडाबाईंना मिशनरी व्हायचे नव्हते. अमेरिकेत शिक्षण घेऊन त्या तिंडिवनम येथे आल्या, त्या केवळ आजारी आईच्या शुश्रूषेसाठी.

तेथे एका रात्री तीन गृहस्थ एकामागून एक मदत मागायला आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. वडील जायला तयार होते, पण परपुरुषाने स्त्रीला तपासणे त्या घरांना मान्य नव्हते. आणि आयडाबाईंना तर वैद्यकीचे ज्ञान नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. ते आपले पाचारण आहे हे बाईंनी ओळखले. १८९९ साली कॉर्नेल विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन १९०० मध्ये त्या परतल्या. १९०२ साली वेल्लोरला स्त्रियांसाठी ४० खाटांचे रुग्णालय उघडले.

पण एकटी डॉक्टरीण किती घरांना पुरणार? येथल्याच मुलींना डॉक्टर केले पाहिजे, असे बाईंच्या मनाने घेतले. पुरेसे अर्ज तरी येतील का, अशी सरकारी अधिकाऱ्यांना शंका होती. १९१८ साली शाळा सुरू झाली, तेव्हा १५१ अर्ज आले! १९२२ साली पहिल्या तुकडीच्या १४ मुली परीक्षा उत्तीर्ण झाल्या. शिक्षण वर्गापुरते नव्हते; बाईंबरोबर विद्यार्थिनी खेड्यांच्या रस्त्यावर झाडाखाली रोगी तपासायला जात.

खरी कसोटी पुढेच होती. ही शाळा एल.एम.पी. ही पदविका देत असे. १९३८ च्या सुमारास मद्रास सरकारने ठरविले की, यापुढे डॉक्टरांचे शिक्षण विद्यापीठाच्या पदवीचेच असावे. त्यासाठी मोठे रुग्णालय, सुसज्ज प्रयोगशाळा आणि उच्च पदवीधर प्राध्यापक हवे होते. पैसा नव्हता. शाळा बंद पडण्याची वेळ आली. सत्तरीच्या बाई १९४१ साली अमेरिकेत मदत मागत गावोगाव फिरल्या.

अनेक मिशनांनी एकत्र येऊन मदत करावी, तर संस्था पुरुषांनाही खुली व्हावी, असा विचार पुढे आला. ज्या भगिनींनी वर्षानुवर्षे केवळ स्त्रियांच्या शाळेसाठी पैसे जमविले, त्यांच्यापैकी काहींना हा वचनभंग वाटला. जुने स्नेह दुरावले. बाईंना ते फार लागले. तरीही त्यांनी बदल स्वीकारला. १९४२ साली एम.बी.बी.एस.चे वर्ग सुरू झाले, आणि १९४७ मध्ये पुरुष विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. १९५० साली विद्यापीठाची कायम मान्यताही मिळाली.

१९६० च्या मे महिन्यात कोडाईकनाल येथे, वयाच्या ८९ व्या वर्षी, बाई प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांना त्या तीन स्त्रियांची गोष्ट जरूर सांगावी. मात्र तेथेच थांबू नये. तरुणपणी घर सोडणे कठीण असते, पण स्वतः वाढविलेले काम म्हातारपणी बदलू देणे त्याहून कठीण. आपल्या मंडळ्यांतून, शाळांतून किती कामे केवळ पूर्वीपासून असेच चालत आले आहे म्हणून अडून राहतात! आयडाबाईंनी आपली शाळा जपली नाही. ती ज्यांच्यासाठी होती त्या रोग्यांची गरज जपली. म्हणूनच ती टिकली.